सोलापुरातली हाय रिस्क बाळांची ओपीडी आणि फेरिटिनची टेस्ट: आमचा आठ महिन्यांचा अनुभव

ज्यांचं बाळ दिवस भरायच्या आधी झालंय, वजन कमी भरलंय किंवा गरोदरपणात आईला शुगर निघाली होती त्यांनी हे जरूर वाचा, बाकीच्यांनी वाचलं तरी उपयोगच होईल. सोलापुरातल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये दर मंगळवारी अशा बाळांची वेगळी ओपीडी असते, तिथे आम्ही मोहोळवरून गेले आठ महिने जातोय, त्याबद्दल आणि फेरिटिनच्या, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याच्या टेस्टबद्दल लिहितेय. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पण सांगते, पण चार का दिले ते आधी.

पहिल्यापासून सांगते. मला सातव्या महिन्यात शुगर निघाली, इन्सुलिन चालू झालं, आणि हिमोग्लोबिन तर आधीपासूनच नऊच्या आतबाहेर. आरोग्य केंद्रातून लोहाच्या लाल गोळ्या मिळायच्या पण खाल्ल्या की मळमळायचं, पोट गच्च व्हायचं, म्हणून मी एक दिवसाआड, कधी दोन दिवसाआड घ्यायचे आणि हे कोणाला सांगितलं पण नाही. चिऊ (हे घरातलं नाव) ३५ व्या आठवड्यात सिझरने झाली, १ किलो ९५० ग्रॅम. नऊ दिवस काचेत ठेवली होती. डिलिव्हरी झाली ते हॉस्पिटल वेगळं, तिथल्या सिस्टर लोकांनी जीव लावून सांभाळलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं की हिमोग्लोबिन १७ आहे, एकदम छान, काळजी करू नका. व्हिटॅमिन डी चे ड्रॉप दिले, एक मल्टीव्हिटॅमिन दिलं, घरी पाठवलं. लोहाचा शब्द निघाला नाही आणि आम्हाला पण विचारायचं सुचलं नाही, कारण १७ म्हणजे माझ्या दुप्पट, अजून काय पाहिजे असंच वाटलं.

आमच्या आशाताई वजन करायला घरी यायच्या, तो झोळीचा काटा घेऊन. सहाव्या आठवड्यात त्या म्हणाल्या, ताई वजन वाढतंय पण पोरगी जरा फिकी दिसतीय, आणि तुमची हिस्टरी बघता हिला नुसतं लसीला नेऊन भागायचं नाही, फॉलोअपला न्या. त्यांनी दोन पर्याय सांगितले. एक सरकारी, जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर निदानाचं केंद्र असतं तिथे, आणि दुसरी ही मंगळवारची ओपीडी. सरकारी केंद्राचं सांगायचं तर ती योजना, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाली आणि तिथे तपासणी फुकट असते, ज्यांना प्रायव्हेट परवडत नाही त्यांनी आधी तिकडेच जावं. आम्ही इकडे आलो कारण ह्यांच्या ऑफिसची सुट्टी मंगळवारी जमत होती, दुसरं काही कारण नाही.

पहिली भेट. टोकन घेतलं, अडीच तास बसलो (त्यावर नंतर येते), आणि आत गेल्यावर मॅडमनी बाळाला हात लावायच्या आधी मलाच दहा मिनिटं प्रश्न विचारले. शुगर होती का, कितव्या महिन्यात, इन्सुलिन का गोळ्या. तुमचं हिमोग्लोबिन किती होतं. गोळ्या खरंच घेतल्या का, खरं सांगा, मी रागवणार नाही. बाळाची नाळ लगेच कापली का थांबून. काचेत असताना किती वेळा रक्त घेतलं. आता हे मला काय माहिती, पण डिस्चार्ज फाइलमध्ये सगळे रिपोर्ट लावलेले होते, मॅडमनी एकेक पान उलटून मोजले, अकरा वेळा. मग त्यांनी सांगितलं की एवढ्याशा बाळाच्या अंगात रक्तच असतं दीडशे मिलीच्या आसपास, आणि एक मिली रक्त गेलं की अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं, टेस्ट करणं गरजेचंच होतं पण तो हिशोब कुठेतरी धरला पाहिजे ना. गोळ्यांचं मी खरं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. त्या खरंच रागावल्या नाहीत.

मी म्हटलं पण मॅडम हिमोग्लोबिन तर १७ होतं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच्या तसं लिहिते कारण त्यासाठीच हा सगळा लेख लिहितेय. त्या म्हणाल्या, तुम्ही मोहोळच्या ना, कॅनॉलचं पाणी कसं येतं बघितलंय ना. उजनीचं पाणी सुटलं की आधी वरच्या रानांना मिळतं, टेलच्या, म्हणजे कॅनॉलच्या पार शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. बाळाच्या शरीरात लोहाचं तसंच आहे. आलेलं लोह आधी रक्ताच्या लाल पेशी घेतात, मेंदूचा नंबर नंतर. लोह कमी पडलं तर आधी टेलचं रान वाळतं आणि वरचं हिरवंगार दिसत राहतं. तुम्ही हिमोग्लोबिन बघता म्हणजे कॅनॉलच्या तोंडाशी उभं राहून पाणी बघता.

आत्या (सासूबाई, मी त्यांना आत्याच म्हणते) बरोबर होत्या. त्यांनी चाळीस वर्षं टेलची शेती केलीय. त्यांना जे कळलं ते मला पण तेवढं चटकन कळलं नसेल.

मग टेस्ट लिहून दिल्या. सीबीसी, फेरिटिन आणि सीआरपी. फेरिटिन म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती आहे त्याचा अंदाज, आपल्या भाषेत कणगीत धान्य किती उरलंय ते. सीआरपी कशाला तर बाळाला कुठे इन्फेक्शन किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, मग कणगी भरलेली वाटते आणि आत काही नसतं, म्हणून दोन्ही बरोबर करायच्या. लॅबवाल्याने मात्र पहिल्यांदा शीर चुकवली, दुसऱ्यांदा दुसऱ्या हातातून काढलं, चिऊ इतकी रडली की तिचा आवाज बसला आणि मी पण बाहेर जाऊन रडले. तीन मिली रक्तासाठी दोन टोचण्या. लहान बाळांचं रक्त काढायला सवयीचा माणूसच पाहिजे, हे मी तिथे लेखी दिलंय.

रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आला. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ३१. ह्यांनी ऑफिसातून फोन केला की हिमोग्लोबिन जरा कमी आलंय पण ते फेरिटिन नॉर्मल आहे, काही लाल नाहीये. खरंच लाल नव्हतं. शेजारी जी नॉर्मल रेंज छापली होती त्यात ३१ आरामात बसत होतं. आम्ही निवांत झोपलो.

पुढच्या मंगळवारी मॅडमनी रिपोर्ट हातात घेतला आणि पहिल्यांदा त्या छापलेल्या रेंजवर पेनने काट मारली. ती रेंज मोठ्या बायकांची होती. सहा आठवड्याच्या बाळाची नाही. मग त्यांनी समजावलं की जन्मानंतर पहिल्या दोन महिन्यात बाळाच्या जुन्या लाल पेशी भराभर मोडतात, हिमोग्लोबिन त्यामुळे उतरतंच, १०.४ ला घाबरायचं कारण नाही, पण त्या मोडलेल्या पेशीतलं लोह कुठे जायला पाहिजे, तर साठ्यात. म्हणजे ह्या वयात फेरिटिन भरपूर असायला पाहिजे, शंभरच्या वर अगदी सहज. तुमच्या बाळाचं ३१ आहे म्हणजे साठा झालेलाच नाही. आईच्या पोटात बाळाला जे लोह मिळतं त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यात मिळतं, ही पाच आठवडे आधी आली, वर तुम्हाला शुगर, वर तुमचंच लोह कमी, वर अकरा वेळा रक्त. सगळीकडून गळती.

ज्या आकड्याला नॉर्मल समजून आम्ही निवांत झोपलो तोच आकडा खरा प्रॉब्लेम होता. म्हणून सांगते, तुमच्या बाळाच्या फेरिटिनचा रिपोर्ट आला की छापलेली रेंज कोणाची आहे ते आधी विचारा. लॅबचं सॉफ्टवेअर बाळाचं वय बघून रेंज टाकत असेल तर उत्तम, आमच्या लॅबचं टाकत नव्हतं. असं किती घरी झालं असेल ह्या विचाराने मला अजून पण कसंतरी होतं.

त्या रात्री मी वाचायला बसले आणि दोन वाजले. सगळं लिहीत नाही. एकच सांगते. अमेरिकेत मिनेसोटामध्ये डॉक्टरांनी शुगर असलेल्या आयांच्या नवजात बाळांवर अभ्यास केला होता, २००४ साली छापून आला. बाळाच्या डोक्याला तारा लावून एकदा आईचा आवाज ऐकवला, एकदा परक्या बाईचा, आणि मेंदूच्या लहरी बघितल्या. नाळेच्या रक्तात ज्यांचं फेरिटिन चांगलं होतं त्यांच्या मेंदूला दोन आवाजातला फरक कळत होता. ज्यांचं खूप कमी होतं त्यांच्यात तो फरक दिसला नाही. मला शुगर होती, माझी पोरगी आधी आली, माझ्या गोळ्या मी चुकवल्या. मी तो परिच्छेद परत परत वाचला. चिऊ शेजारी झोपली होती आणि मी तिच्या कानाशी हळू हळू तिचं नाव घेत बसले.

पुढच्या भेटीत मी हे मॅडमना विचारलं. त्यांनी टाळलं नाही. म्हणाल्या, लोह मेंदूला तीन कामांना लागतं, नसांवरचं वेष्टण तयार करायला, म्हणजे वायरीवरचं प्लास्टिक समजा, संदेश नेणारी रसायनं बनवायला, आणि आठवणी साठवणाऱ्या भागाला ऊर्जा द्यायला. हे पहिल्या काही महिन्यात जोरात चालू असतं. म्हणून नंतर भरपाई करू असं म्हणून चालत नाही. कोस्टारिकात बेट्सी लोझॉफ नावाच्या डॉक्टरांनी लहानपणी लोह कमी असलेली मुलं वर्षानुवर्षं बघितली, नंतर उपचार होऊन रक्त भरून आलं होतं तरी ज्यांच्यात कमतरता जास्त आणि जास्त दिवस राहिली होती ती मुलं १९ वर्षांची झाली तरी चाचण्यांमध्ये मागेच होती. मग मॅडमनी पेन खाली ठेवून म्हटलं, पण तुमच्या मुलीचं दीड महिन्यात कळलंय, बहुतेकांचं वर्षाने कळतं, पोरगं फिकं पडल्यावर. आता मागचं उकरायचं नाही, ड्रॉप वेळेवर द्यायचे. ह्या एका वाक्यासाठी मी त्यांना दहा स्टार दिले असते.

आता ड्रॉपचं. हे नीट वाचा. चिऊचं वजन तेव्हा ३ किलो २०० होतं, मॅडमनी किलोला ३ मिलिग्रॅमच्या हिशोबाने रोज १० मिलिग्रॅमच्या आसपास लोह लिहून दिलं, आणि चिठ्ठीवर नुसतं एक मिली असं न लिहिता कंपनीच्या नावाखाली कंसात लिहिलं की एक मिलीत १० मिलिग्रॅम लोह असलेलेच ड्रॉप. गावातल्या मेडिकलमध्ये तो ब्रँड नव्हता, त्यांनी दुसरा दिला, म्हणाले एकच आहे, आयर्नच आहे. घरी आणला, ड्रॉपरमध्ये एक मिली भरला पण, आणि ओपीडीच्या सिस्टरांचा फोन आला, त्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना फोन करतात की चालू केलं का. त्यांनी बाटलीवरचं वाचायला लावलं. एक मिलीत २५ मिलिग्रॅम. म्हणजे अडीच पट गेलं असतं, रोज. लोह जास्त झालं तर लहान बाळाला विषासारखं होतं. प्रत्येक बाटलीतलं प्रमाण वेगळं असतं हो, त्यामुळे मिलीवर जाऊ नका, मिलिग्रॅम वाचा, आणि मेडिकलवाल्याने ब्रँड बदलला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब पण देऊ नका. ही फोनची सर्व्हिस ज्या हॉस्पिटलमध्ये असेल तिथे खुशाल जा. आणि बाटली फडताळात वर ठेवा, घरात दुसरं लहान मूल असेल तर नक्कीच.

ड्रॉप सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी शी काळी झाली. आत्या लंगोट घेऊन माझ्याकडे आल्या, चेहरा उतरलेला, म्हणाल्या रक्त पडतंय का बघ गं. पण तिथे सिस्टरांनी मराठीत छापलेला कागद दिला होता, त्यात लिहिलेलंच होतं की लोहाने शी काळपट होते, घाबरू नका. तो कागद फार कामाचा आहे. ड्रॉप गालाच्या आतल्या बाजूला सोडा, दात आले की डाग पडू नये म्हणून नंतर ओल्या फडक्याने पुसा, चार महिन्याला वरचं दूध चालू करू नका, वर्षाच्या आत गाईम्हशीचं दूध प्यायला द्यायचं नाही कारण त्यात लोह नावाला असतं आणि काही बाळांच्या आतड्यातून त्याने थोडं थोडं रक्त जातं. हा शेवटचा मुद्दा आत्यांना पटायला तीन आठवडे लागले. घरची म्हैस आहे, दूध आहे, आणि नातीला द्यायचं नाही म्हणजे काय. मी वाद घातला नाही, पुढच्या भेटीला त्यांनाच पुढे बसवलं, मॅडमनी त्यांनाच समजावलं, आजी म्हणून, हात जोडून. तेव्हापासून म्हशीचं दूध मला मिळतं.

ओपीडीत कानाची बेरा टेस्ट पण केली. ती काचेत राहिलेल्या बाळांची करायचीच असते, ऐकू येतंय का बघायला, लोहासाठी म्हणून नाही. बाळाला झोपवून कपाळाला आणि कानामागे चिकटपट्ट्या लावतात, कानात टक टक आवाज सोडतात आणि मशीनवर लहरी उमटतात. खोली लहान, अंधारी, एसी जरा जास्त होता, मी शाल नेली म्हणून बरं. तिथले टेक्निशियन दादा फार शांत माणूस, चिऊ दोनदा उठली तरी अर्धा तास थांबले. दिल्लीच्या सर गंगाराम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१५ साली ह्याच टेस्टवरून दाखवलं होतं की जन्मतः नाळेत फेरिटिन कमी असलेल्या बाळांमध्ये कानाकडून मेंदूकडे जाणारा संदेश हळू जातो, आणि ती बाळं अॅनिमिया नसलेली होती. मॅडमनी लहरींचा कागद समोर धरून शिखरं दाखवली. चिऊची ठीक आली. तो कागद मी कपाटात जपून ठेवलाय.

मग दर महिन्याला विकासाची तपासणी. ही मला सगळ्यात आवडते. सतरंजीवर बाळाला ठेवतात, लाल लोकरीचा गोंडा डोळ्यासमोरून फिरवतात, खुळखुळा एका कानाशी मग दुसऱ्या, पोटावर झोपवून मान बघतात, आणि वय धरताना पाच आठवडे वजा करून धरतात. हे वजा करणं आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हतं, जावेच्या मुलाशी तुलना करून मी उगाच झुरत होते. साडेतीन महिन्याला तिची मान अजून पूर्ण धरली नव्हती, मुठी पण घट्ट असायच्या, तर फिजिओच्या ताईंनी चार व्यायाम शिकवले, मला करायला लावले, माझे हात चुकले तर परत करायला लावले. त्याच वेळी फेरिटिन परत केलं, ६१. वजनाप्रमाणे डोस वाढवला. सहा महिन्याला ३८, मी घाबरले, पण मॅडम म्हणाल्या ह्या वयात साठा सगळ्यांचाच उतरतो, बाळ झपाट्याने वाढतं ना, आता वरचं खाणं चालू करा आणि ड्रॉप चालूच ठेवा. नाचणी, मसूर, पालक, थोडं लिंबू पिळून, आणि खात असाल तर अंड्याचा बलक, मटणाचं मऊ शिजवलेलं. आशाताईंनी आठवड्यातून दोनदा द्यायचं सरकारी लोहाचं सिरप पण आणलं होतं, सहा महिन्यापासून सगळ्यांना देतात ते, पण चिऊचे ड्रॉप चालू असल्यामुळे दोन्ही एकदम द्यायचे नाहीत असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. ज्यांचे ड्रॉप चालू नाहीत त्यांनी ते सिरप टाकून देऊ नका, घरी बऱ्याच जणांच्या बाटल्या तशाच पडून असतात. आपल्या महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांना अॅनिमिया निघालाय, २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आणि हे नुसतं हिमोग्लोबिनवरून. कॅनॉलच्या तोंडाशीच पाणी कमी, तर टेलचं काय असेल.

चिऊ आता साडेनऊ महिन्यांची, धरायची साडेआठ. बसते, दोन बोटांनी मुरमुरा उचलते, आत्यांचा आवाज आला की दाराकडे बघते. लोहामुळे झालं का व्यायामामुळे का ती मुळातच चांगली होती, हे मी सांगू शकत नाही.

आता एक स्टार कुठे गेला. अडीच ते तीन तास बसावं लागतं, टोकन नऊला देतात आणि मॅडम साडेदहाला येतात. अंगावर पाजायला वेगळी जागा म्हणून एक पडदा लावलाय, त्यामागे एकच खुर्ची आणि पंखा नाही, मे महिन्यात सोलापुरात पंख्याशिवाय कसं होत असेल ते तुम्हीच विचार करा. लॅबमध्ये लहान बाळांसाठी वेगळा माणूस नाही. आणि ती रेंज, मी दोनदा सांगितलं, मॅडमनी पण लॅबला सांगितलं, सहा महिन्याच्या रिपोर्टवर अजून तीच मोठ्या बायकांची रेंज होती. एवढी चांगली डॉक्टर आणि शेजारच्याच खोलीतून असा रिपोर्ट, हे मला पटत नाही. बदललं की पाचवा स्टार देते.

खर्च म्हणाल तर तपासणी ५००, फेरिटिन ६५० घेतात, सीबीसी आणि सीआरपी धरून पहिल्या वेळी साडेसतराशे झाले. फेरिटिन दर वेळी करत नाहीत, आठ महिन्यात तीनदाच.

जाताना डिस्चार्ज फाइल पूर्ण न्या, एक पण कागद घरी ठेवू नका, ते सगळं वाचतात. आईची गरोदरपणातली फाइल पण न्या. आणि ज्यांची डिलिव्हरी व्हायचीय त्यांनी आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा की बाळ ठीक असेल तर नाळ लगेच कापू नका, निदान एक मिनिट थांबा. जागतिक आरोग्य संघटनेचं पण तेच सांगणं आहे. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे येतं, स्वीडनमध्ये तीन मिनिटं थांबलेल्या बाळांमध्ये चार महिन्याला लोहाची कमतरता खूप कमी निघाली होती. माझ्या वेळी थांबले का नाही मला माहीत नाही, फाइलमध्ये त्याचा रकानाच नाही. माझ्या नणंदेला आता सातवा महिना आहे. तिच्या गोळ्या मी रोज रात्री फोन करून विचारते, मळमळतं म्हणाली तर जेवणानंतर झोपताना घे म्हणते, आणि तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी स्वतः पेनने लिहून ठेवलंय, नाळ थांबून कापणे.

चिऊचं पुढचं फेरिटिन वर्षाला आहे. रिपोर्ट आला की सांगते, आणि रेंज बदलली का ते पण.